बंधारा आपलाच आहे

४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तुझ्याच कचेरीची नोटीस. गिरणीमागचा, आजोबांनी घातलेला बंधारा मालकाने तीन महिन्यांत स्वखर्चाने काढावा. माशांना अंडी घालायला नदीत वर जाता येत नाही म्हणे. सही साहेबांची, पण ‘सदर बाब गांभीर्याने घ्यावी’ हे तुझंच. लहानपणी आईकडे माझ्या चुगल्या करतानाही तू असंच बोलायचीस.

माशांशी माझं वैर नाही, तेही देवाचेच जीव. गिरणीचं पाणचाक थांबून मोटार बसली त्याला नऊ वर्षं झाली; बंधारा जाईना का. पण सोबतचा ठेकेदाराचा आकडा पाहून तुझी वहिनी मटकन खाली बसली. एवढा पैसा गिरणी विकली तरच उभा राहील. म्हणजे मासे वर आणि आम्ही रस्त्यावर. खालच्या वीज कंपनीच्या धरणाला अशी नोटीस गेली का, की तिथले मासे जिन्याने चढतात?

नोटिशीवाचूनही लोभ असू दे.

दादा

१२ मार्च

ती. दादास, शि. सा. नमस्कार, वि. वि.

हो, मीच टाइप केली. दुसऱ्या कुणी केली असती तर तुझं नावसुद्धा चुकलं असतं.

बेवारस बंधारा सरकार काढतं. मालक असला की खर्च मालकाचा. आपला बंधारा यादीत बेवारसच होता. तीन वर्षांपूर्वी तूच अकरा अर्ज केलेस, की हा आमच्या आजोबांचा आहे, त्यांच्या नावाची पाटी लावू द्या. पाटी लागली, तू अख्ख्या कचेरीला चहा पाजलास. साहेब अजून त्या चहाचं नाव काढतात.

कंपनी बघ. तिने लिहून दिलं, धरण आमचं, पण मासे जनतेचे, सबब खर्च जनतेने सोसावा. वीज विकताना ही जनता कुठे असते कोण जाणे. अनुदान मंजूरही झालं. तेव्हा शहाणा हो. ‘या बंधाऱ्याशी माझा संबंध नाही’ एवढी एक ओळ दे, पुढचं मी बघते. आजोबा काही रागवायला येत नाहीत.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा राग निवला की उत्तर धाड.

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

ती ओळ तीनदा लिहिली, तीनदा सहीपाशी अडलो. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ज्याने एकेक दगड बसवला, त्याला मी ओळखत नाही म्हणू? तुझी वहिनी म्हणाली, ओळखा खुशाल, मग जेवायलाही त्यांच्याकडेच जा.

काठावर बसून राहिलो. बघता बघता ध्यानात आलं, आजोबांनी चुना की सिमेंट काहीच घातलेलं नाही, दगडात दगड अडकवलाय. हातांनी बसवलेलं हातांनी निघतं. नोटिशीत ठेकेदारच लावा असं कुठे आहे? नीट वाचून कळव.

तोवर रोज सकाळी देवाचं आटोपून पहार घेऊन नदीत उतरतो. दळणाला आलेली माणसं काठावरून सल्ले देतात. सल्ल्याला अनुदान असतं तर सगळे लखपती झाले असते. बाकी सर्व क्षेम.

वहिनीचे आशीर्वाद, माझे तर आहेतच.

दादा

१४ मे

ती. दादास, शि. सा. नमस्कार, वि. वि.

नोटीस तीनदा वाचली. ठेकेदाराचं बंधन कुठेही नाही. साहेबांना दाखवली तर कारलं चावल्यासारखं तोंड झालं. मात्र मुदतीनंतर एक जरी दगड उरला तरी ते ठेकेदार पाठवणार, आणि बिल तुझ्या नावावर.

‘सर्व क्षेम’ म्हणे! वहिनीचं पत्र आलंय. आठ दिवस तू पाठ धरून पालथा पडला आहेस आणि निम्मा बंधारा पाण्यातच आहे. आता पाटीवर तुझंही नाव लावायचंय का?

तीन आठवड्यांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘या कचेरीच्या नोटिशीचे पालन.’ साहेब म्हणाले, अठरा वर्षांत असं कारण कुणी दिलं नाही, आणि नाइलाजाने सही केली.

शनिवारी पोचते. तू काठावर बसून सल्ले द्यायचे. लोभ असावा, आणि पहार हलकी असावी.

धाकटी