अखंड मडकं

३ फेब्रुवारी २००८, रविवार. निमोणे.

शाळेत नोटीस लागली. हर्षदा वाचून आली. मी परत जाऊन स्वतः वाचली, कारण आमची सून अर्धंच वाचते.

पुण्याच्या कॉलेजातली माणसं पंधरा तारखेला मशीन घेऊन येणार. गावात सापडलेली जुनी भांडी, मणी, खापरं तपासणार. न फोडता, न घासता, न खरवडता. वस्तू खरी आणि अखंड निघाली, तर शाळेतल्या काचेच्या कपाटात. खाली पाटी. पाटीवर शोधणाऱ्याचं नाव.

आपलं मडकं खरं आहे. अखंड आहे. ह्यांना विहीर खोदताना सापडलं, एकोणऐंशी साली. तीन हजार वर्षांचं आहे, असं हे सांगायचे. नदीकाठच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्खननावर खोदायच्या कामाला गेलेला माणूस, त्याला कळत होतं. ह्यांना जाऊन सात वर्षं होत आली, तरी गाव अजून 'खापऱ्या रखमाजी' म्हणतं. पाटी लागली की बघू काय म्हणतात.

ठरवलं: पंधरा तारखेपर्यंत कोणापाशी बोलायचं नाही.

संध्याकाळी ६.

बबनरावांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ते दारावरून जात होते. दीर म्हणाले, वैनी, मशीन लावा न्हाईतर तोफ लावा, दह्याचं मडकं दह्याचंच ऱ्हानार. दादानं सगळ्यांस्नी येडं केलं, तुमास्नी जरा जास्तच.

मी काही बोलले नाही. फक्त एवढंच म्हटलं, की म्हशीला पाणी दाखवा, ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

शिरूरच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. सातवी शिकलेल्या बाईला समजेल असं लिहिलेलं नाही, पण दोनदा वाचलं की वाट सापडते. मशीन पिस्तुलासारखं हातात धरतात. किरण सोडतं. मातीत लोखंड किती, चुना किती, ते दोन मिनिटांत सांगतं. मडक्याला ओरखडाही येत नाही. ह्यांना केवढं आवडलं असतं.

आणखी एक जांभळा दिवा असतो. अंधारात धरला, की जोडलेल्या जागेचा डिंक चमकतो.

हे वाक्य सहज चारदा वाचलं. आपल्याला त्याचं काय.

जेवण गेलं नाही. वांगी तिखट झाली होती.

७ फेब्रुवारी, गुरुवार.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत साफसफाई करताना काठ फडताळाच्या कोपऱ्याला लागला. तळहाताएवढा तुकडा निघाला. ह्याला फुटणं म्हणत नाहीत, तुकडा निघणं म्हणतात. दोन नळ्यांचा डिंक मिळतो, तो आणून बसवला. हे बाजाराला गेले होते. आल्यावर मडक्याकडे बघितलं आणि चहा मागितला. काही कळलं नाही. कळलं असतं तर बोलले असते, ह्यांच्या पोटात काही राहत नसे.

म्हणजे मडकं अखंडच. तळहाताएवढी जागा सोडून.

९ फेब्रुवारी, शनिवार.

शास्त्रात प्रयोग करून बघावा लागतो, असं पुस्तकात आहे. मडकं गोधडीत गुंडाळून, पिशवीत घालून एस.टी.ने शिरूरला गेले. पतसंस्थेत खोट्या नोटा ओळखायला जांभळा दिवा ठेवलाय, तो मला माहीत होता. कॅशियरला म्हटलं, बाळा, जरा ह्याच्यावर धर.

तो म्हणाला, आजी, हितं नोटा बघत्यात, गाडगी न्हाई.

म्हटलं, नोट समज.

मागं रांग होती. कोणीतरी म्हणालं, आजीला कर्ज तारणावर पायजे, तारण आणलंय. सगळे हसले. कॅशियरने कंटाळून काऊंटरखाली काठ धरला.

निळी रेघ. ट्यूबलाइटसारखी. मी पदर टाकला आणि पिशवी घेऊन निघाले. बाकी मडकं बघायचं राहिलं, पण बाकीला काय होणार आहे?

एस.टी.त सगळा वेळ छातीत धडधड. खड्डे फार आहेत त्या रस्त्याला.

११ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी ब्लेडने डिंक खरवडला. अर्धा निघाला, अर्धा जास्त दिसायला लागला. आता मडक्याला न खरवडता कसं तपासायचं, ते त्यांचं ते बघून घेतील.

उपाय सापडला. रेघेवर मातीचा हात दिला की दिवा आत जाणार नाही. सोपानराव कुंभारांकडे गेले, मूठभर चाळलेली माती मागितली. म्हातारा ऐंशीच्या पुढे, चाक बंद झालंय. कशाला पाहिजे म्हणाले. मशीनचं सांगितलं.

त्यांचा हात थांबला. म्हणाले, वैनी, त्ये मशीन तोंडाकडनं बघतंया का बुडाकडनं?

म्हटलं, सगळीकडून.

मग म्हणाले, नका नेऊ. कशाला नेता. घरात हाय ती शोभा हाय. असं तीनदा म्हणाले. वय झालं की माणसाला मशीनची भीती वाटते.

माती लावली. बेमालूम. ठरवलं: आता ह्या विषयावर विचार बंद.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.

विचार बंदच आहे. दुपारी चारदा उठून काठ बघितला.

पुण्याची माणसं विचारणार, कुठं दुरुस्ती केली आहे का? उत्तर 'नाही'. हे खोटं नाही, कारण मी केली ती दुरुस्ती नव्हती, डिंक होता. हर्षदाला समोर बसवून सराव केला. ती म्हणाली, आत्या, तुम्ही 'न्हाई' म्हणताना डोळे मिटता. मग डोळे उघडे ठेवून केला. म्हणाली, आता तर चोरावानी दिसता.

सुनेला काय कळतं. पाटीवर ह्यांचं नाव लागलं की मला दुसरं काही नको.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.

पहिली जाणार. मान ताठ ठेवणार.

दुपारी २.

लिहिते. जसं झालं तसं.

चौथीच्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. सुवर्णा मॅडम म्हणून बाई, पंचविशीची असेल, आवाज गोड. अर्धं गाव आत, अर्धं दारात. बबनराव अगदी पुढं. मॅडमने हातमोजे घालून मडकं घेतलं, खांद्यावरची काळी नक्षी बघितली आणि म्हणाल्या, वा! ते 'वा' ऐकायला हे पाहिजे होते.

विचारलं, आजी, कुठं जोडलंय का?

नाही, म्हटलं. डोळे उघडे ठेवून.

जांभळा दिवा लागला. काठ फिरला. काही नाही! काळोख! सोपानरावांची माती सोनं. माझ्या जिवात जीव आला. बबनरावांकडे बघितलं सुद्धा.

मग मॅडमने मडकं आडवं केलं.

पोटाखाली, सगळ्या बाजूनं, बुडापासून चार बोटं वर, एक नारिंगी पट्टा. विस्तवासारखा. गोल, अख्ख्या मडक्याला. बबनराव हळूच म्हणाले, वैनी, ह्यो कमरपट्टा कुणी घातला?

आणि मी ओरडले, हे माझं नाही! माझं फक्त काठाचं आहे!

तोंडातून गेलं ते गेलं.

मॅडमने ओल्या कापसाने काठ पुसला. माती गेली. निळी रेघ आली. वर निळी, खाली नारिंगी. मग पिस्तुलासारखं मशीन लावलं, आधी वर, मग खाली. कॉम्प्युटर बघून म्हणाल्या, आजी, वरचा भाग जुना आहे, अगदी खरा आहे. बुड नवं आहे. माती वेगळी. आणि खालच्या काळ्या रेघेत जस्त आहे, मँगनीज आहे. इतकं जस्त त्या काळच्या रंगात येणार कुठून?

बबनराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मडकं उचलून घरापर्यंत तेच घेऊन आले. दारात ठेवून म्हणाले, दादानं मलाबी न्हाई सांगितलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार.

सोपानरावांकडे गेले. मला बघूनच म्हणाले, घावलं म्हना की.

सत्त्याऐंशी साल. दौंडला कोणी रेल्वेतले साहेब जुन्या वस्तूंचे शौकीन, त्यांना दाखवायला हे मडकं घेऊन गेले. स्टँडवर एस.टी.तून उतरताना बुड आपटलं. चुरा झाला. मला घरी येऊन सांगितलं होतं, साहेबांनी आठ दिवस बघायला ठेवून घेतलंय. ते आठ दिवस मडकं सोपानरावांकडे होतं. त्यांनी बुड केलं, भाजलं, सोनाराच्या लाखेनं बसवलं. नक्षीला काळा रंग मिळेना, तर ह्यांनीच टॉर्चचे जुने सेल आणून दिले. सेल फोडून आतली काळी पूड खळीत कालवली.

म्हटलं, मला का नाही सांगितलं?

सोपानराव म्हणाले, मी बी त्येच इचारलं. तर म्हनले, आमच्या मंडळींचा लई जीव हाय ह्या मडक्यावर, तिला सोसायचं न्हाई.

माझा जीव नव्हता. मला ते मडकं कधी आवडलंच नाही. जागा अडवायचं, झुरळं व्हायची. ह्यांचा जीव होता म्हणून मी पुसत होते.

ठरवलं: ह्यांच्यावर रागवायचं. बसून बघितलं. समोर माणूस नसला की राग लागत नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार.

शाळेतलं कपाट उघडलं. बबनरावांच्या गोठ्यातला खुंटा ठोकायचा दगड आत बसला. मॅडमने सहज तपासला, तर तीन हजार वर्षांपूर्वीचा पाटा-वरवंट्यातला वरवंटा निघाला. खरा, अखंड. पाटीवर 'शोधक: बबनराव'. ते स्वतः बघायला गेले नाहीत. म्हशीला नवा दगड शोधतायत.

सुवर्णा मॅडम घरी आल्या. मडकं पुण्याला हवंय म्हणाल्या. मी उठूनच उभी राहिले. मग त्यांनी सांगितलं, कपाटासाठी नव्हे, विद्यार्थ्यांसाठी. जोडलेलं मडकं कसं पकडायचं, ते शिकवायला. दोन वेगळे डिंक, दोन वेगळे रंग, दोन वेगळी सालं. असा नमुना त्यांना कुठं मिळाला नव्हता.

फॉर्म आणला होता. मीच भरला, माझं अक्षर बरं आहे.

शोधक: इथं विहिरीचा पुरावा, खोली, थर मागितला होता. माझ्याकडे ह्यांचा शब्द सोडून काही नाही. मॅडमने तिथं 'माहिती अपुरी' लिहायला सांगितलं. लिहिलं.

दुरुस्ती कोणी केली: बुड, कै. रखमाजी, सोपानराव कुंभारांकडून. काठ, कुशाबाई रखमाजी.

पुढचा रकाना, दुरुस्तीचे कारण. तिथं बराच वेळ पेन टेकवून बसले. मग लिहिलं, 'दुसऱ्याला कळू नये म्हणून.'

मॅडमने वाचलं. म्हणाल्या, आजी, दुसऱ्याला म्हणजे नेमकं कोणाला, ते लिहा ना. विद्यार्थी विचारतील.

म्हटलं, रकाना लहान आहे.