बारशाआधी गेलेला

पनवेल,
२० मार्च २०२५

चि. प्रभाकर,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. लेकीच्या लग्नाला आला नाहीस, नात अठरा दिवसांची झाली तरी रुसवा चालूच. शाब्बास! माझा गुडघा ठीक आहे. इथे करंजाड्यात पाणी एक दिवसाआड येतं.

बाळ हॉस्पिटलमध्ये आहे. नाव इरा ठरलंय, बारसं व्हायचंय. अनुयाचं दूध तिला पचत नाही. निनादची काकू, माझी जाऊ, म्हणाली, "आईच्याच दुधात दोष." मी तिला दाराबाहेर काढलं. मग बाथरूममध्ये जाऊन बसले.

चौथ्या दिवशी मालीशवाली गंगाबाई म्हणाली, "बाय, लंगोटाला काकवीचा वास येतो. असा कदी बगितला नाय मी." मी तिला गप्प केलं. सातव्या दिवशी इरा दूध ओढेना. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात पूर्वी तान्हं मूल दगावलंय?" मी ताठ मानेने म्हणाले, "सर्टनली नॉट."

प्रभाकर, चौऱ्याऐंशी साली उरणला मला मुलगा झाला. बाबा आजारी, म्हणून बाळंतपण सासरी. मूल मेलेलंच जन्मलं, असं आम्ही माहेरी कळवलं. खोटं होतं ते. तो अकरा दिवस जगला. त्याच्या लंगोटांना हाच वास होता. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "गोड आहे पोरगा." तो गेल्यावर त्यांनीच ठरवलं, बारशाआधी गेलेलं मूल मोजायचं नाही. मीही मोजलं नाही.

इराला झटके आले, तेव्हा लंगोट घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दोघा आईबापांकडून आलेला दुर्मिळ आजार आहे. दुधातलं प्रथिनच बाळाला विष होतं. "आधी कळलं असतं तर..." इरा वाचेल. मेंदूला किती इजा झालीय, ते कुणी सांगत नाही.

तू म्हणाला होतास, "ताई, इतक्या जवळच्या नात्यात नको." मी म्हणाले, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला तू विज्ञान शिकवणार? आणि तुझी मुलगी सून करून आणली.

काल अनुयाला सांगितलं. ती ओरडली नाही. दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "आत्या, त्याचं नाव काय ठेवणार होतात?"

एक्केचाळीस वर्षांत ते नाव तोंडातून काढलेलं नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. लेकीसाठी ये.

तुझी ताई,
सत्यजीतची आणि निनादची आई