खाडीकाठचा खड्डा

१२ नोव्हें.
पत्र आलं. साइटवरच्या पावसाच्या पाण्याचं परमिट आता देशाच्या फेडरल खात्याकडे नाही, अमिरातीच्या नव्या ऑफिसकडे. फेडरलच्या इन्स्पेक्टर फातिमामॅडमचा निरोपाचा फोनही आला. दर हिवाळ्याआधी, म्हणजे इथल्या पावसाआधी, त्याच तपासायला यायच्या. "आता नवीन लोक येतील, इन्शाल्ला." कधी, ते त्यांनाही माहीत नाही.
आजवर इथे मी एकही भांडण स्वतः जिंकलेलं नाही. "मॅडम येणार आहेत" एवढंच म्हणायचे, काम व्हायचं.

१९ नोव्हें.
आमचे प्रोजेक्ट मॅनेजर देशपांडे सर, त्यांना खाडीकाठचा खड्डा बुजवायचाय, क्रेन उभी करायला. साइटचं गढूळ पाणी तिथेच थांबतं, गाळ खाली बसतो, मग पाणी खाडीत जातं. पलीकडे तिवरं, फ्लेमिंगो.
"सर, इन्स्पेक्शन आहे."
"कुणाचं?"
"मॅडम येणारेत."
खोटं बोलले. आणि दिवाळीचा फराळ सरांच्याच बर्शातल्या घरी केला होता.

२६ नोव्हें.
फोरमन सावंतकाका जेवताना म्हणाले, "इंजिनीअरबाई, तुमची मॅडम आता कुठली यायला? तिचं खातंच गेलं. सरांना पण कळलंय." सगळे हसले.
सर ओरडले नाहीत. "माझ्या मुलीसारखी तू. खोटं कशाला बोलायचं गं?" तेच जास्त लागलं.
संध्याकाळपर्यंत खड्डा बुजवून खलास.
जुन्या ऑफिसला फोन केला: आता आमच्याकडे नाही. नव्याला केला: अजून आमच्याकडे नाही.

९ डिसें.
पाऊस. थोडाच, पण जोराचा. सगळं पाणी सरळ खाडीत. खाडी इथल्या दुधाळ करक चहासारखी. कामगार पावसाचे व्हिडिओ काढून घरी पाठवत होते.
संध्याकाळी आई फोनवर. घरातली पहिली पदवीधर मी, ती अजून गल्लीभर सांगते, पोरगी तिकडं पाणी सांभाळते. "काम कसं चाललंय?"
चांगलं, म्हटलं.

११ डिसें.
तिवरांची श्वास घेणारी मुळं, बोटांसारखी वर आलेली, गाळाखाली गेलीत. फ्लेमिंगो नाहीत. परत येतील का, माहीत नाही.
नव्या ऑफिसकडे तक्रार टाकली. आमच्याच कंपनीविरुद्ध. नाव घातलं नाही, फक्त नंबर.

१५ डिसें.
नव्या ऑफिसचा फोन. मुलगीच, माझ्याएवढी असेल, कामाला नवीन वाटली. "नाव लागेल. नावाशिवाय तपासायला माणूस पाठवता येत नाही."
व्हिसा कंपनीचा, नाव कळलं तर नोकरीबरोबर तोही जाईल. काचेपलीकडे देशपांडे सर दोन कपांत चहा ओतत होते, एक माझा.
"हॅलो? ऐकताय ना, मॅडम?"
मॅडम म्हणाली मला.