अंगठा नव्हे, सही

मी भाग्यलक्ष्मी, कै. फत्तेसिंग घोरपडे यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार जे. पी. नगर, बंगळूर. डोकं ठिकाणावर आहे, कुणी हात धरून लिहून घेत नाही. शाळा दुसरीपर्यंत, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचावं. भीती वाटते म्हणून आजच लिहून ठेवते.

१. खालचं घर मुलगा यशोवर्धन याला. भांडीकुंडीही त्यालाच, घासायची सवय नसली तरी.

२. वरची खोली, तिथले दोन्ही कॉम्प्युटर आणि टेलिफोन माझ्या वारलेल्या मुलीची मुलगी संयोगिता हिला. खोली भाड्यानं द्यायची नाही. तिचं काम पुरं होईपर्यंत यंत्रं कुणी बंद करू नयेत, माझ्या सुतकातसुद्धा.

काम काय, ते तिनं सांगितलं तसं लिहिते. कॉम्प्युटरच्या जाळ्यात कुणी नाव विचारलं की एक प्रोग्राम त्याचा पत्ता सांगतो. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीची माणसं उघडून वाचतात, दुरुस्त करतात. हिच्या खोलीत एक यंत्र पत्ता विचारतं, दुसरं चोराचं सोंग घेऊन मुद्दाम खोटा सांगतं. पहिलं फसलं.

"का गं फसलं?"

"अज्जी, प्रत्येक प्रश्नाला नंबर असतो. ते ओळीनं जातात. चोर पुढचा नंबर ओळखतो आणि खऱ्याच्या आधी उत्तर देतो. आधी बोलला तो खरा."

हे ऐकून मला आमचं जुनं दार आठवलं. अठ्ठावन्न साली इथल्याच शिवाजीनगरच्या घरी यांच्या कारखान्याचा माणूस निरोप घेऊन आला, यांना दवाखान्यात ठेवलंय म्हणून. मी आत दोशाचं पीठ वाटत होते. दारात दीर मानसिंग. "वहिनी आनेकलला शेतावर गेल्यात, मी कळवतो," म्हणाला. माणूस गेला. उशिरा कळून मी पोचले तेव्हा यांच्यावर चादर ओढली होती आणि अंगठ्याला शाई होती. आनेकलचं शेत त्या शाईत मानसिंगकडे गेलं. मानसिंगला माझं काही नाही, तेराव्याचं पानही नाही.

३. यशोवर्धन काकावर गेलाय. मागल्या आठवड्यात संयोगिताचा फोन यानंच घेतला. "तिचं सगळं मीच बघतो," म्हणाला आणि प्रोग्राममध्ये भोक सापडल्याचं परक्याला सांगून बसला.

पोर पांढरी पडली. "मामा, दुरुस्ती सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत हे बाहेर जायला नको होतं."

"स्वल्प बोललो तर काय बिघडलं?"

तेव्हापासून फोन वाजतो, उचलला की कुणी बोलत नाही. मीच उचलते. तिची दुरुस्ती लिहून झालीय, नंबर ओळीनं न देता वाटेल तसे द्यायचे. पण तपासायला अजून आठवडे लागतील, आणि यशोवर्धननं खोली बघायला भाडेकरू आणलासुद्धा. तेवढे आठवडे मला मिळतील असं वाटत नाही.

४. माझ्यामागे कुणी दुसरं मृत्युपत्र पुढे करील. म्हणून मी एक नंबर ठरवला आहे. तो संयोगिताला आणि शेजारच्या अंबूबाईला वेगवेगळं बसवून सांगितला, इथे लिहिलेला नाही. कागद आणणाऱ्याला आधी तो विचारावा. सांगता आला नाही तर कागद खोटा.

आणि कुठेही माझा अंगठा दिसला तर तो मी मेल्यावरचा समजावा. जिवंतपणी मी सहीच करते. चार अक्षरं आहेत, शेवटचं अवघड जातं, पण करते.

सही: भाग्यलक्ष्मी

आमच्यासमोर सही केली:
येसाजी, शिंपी, शिवाजीनगर
अंबूबाई, शेजारीण (नंबर पाठ आहे)

बंगळूर, १४ ऑगस्ट १९९७