माजी सुनेबरोबर डोंगरात

१८ फेब्रुवारी, लीड्स

सकाळपासून नवे बूट घालून घरात फिरतेय. जिना वर, जिना खाली. तनयानं बजावलंय — 'बूट आधी सैल करून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड येतील.' शेजारची बाई खिडकीतून बघत होती. बघू दे.

लोकांना भूल देण्यात सगळी नोकरी गेली. रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता मनसोक्त झोपेन. कसलं काय. कमलाकर गेल्यापासून झोपेचं जे बिनसलंय ते बिनसलंय. दिवसभर डोळ्यांवर पेंग आणि पाठ टेकली की टक्क जाग. अशा बाईनं ग्वाटेमालाच्या डोंगरात जाऊन काय करायचं? पण तनया म्हणाली, 'सामान ते लोक नेतात. तंबूत कॉट असते. गरम पाण्याची पिशवी देतात. तुम्ही फक्त चालायचं.' हो म्हणून बसले.

संध्याकाळी मिहीरचा मेडनहेडहून फोन.

'आई, यू आर ॲक्च्युअली गोइंग? तिच्याबरोबर?'

'तुमच्या घटस्फोटाआधी बुकिंग केलं होतं.'

खोटं. घटस्फोट उन्हाळ्यात झाला, बुकिंग नोव्हेंबरमधलं.

'डिव्होर्स मी घेतला,' म्हणाला, 'तू का नाही घेतला?'

जेवलास का विचारलं.

२१ फेब्रुवारी

माद्रिदच्या विमानतळावर. पुढचं विमान उशिरा. पाय सुजलेत. तनया लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करतेय. दोघींमध्ये एक रिकामी खुर्ची आहे, तिच्यावर आम्ही दोघींनी आपापले कोट ठेवलेत.

२३ फेब्रुवारी, पहिला मुक्काम

तंबू खरंच चांगला आहे. आत दोन कॉटा, जाड रजया, पायाशी सतरंजी. पोचलो तेव्हा हात धुवायला गरम पाणी, मग सूप. हे कॅम्पिंग म्हणायचं तर आमच्या कॉलेजच्या ट्रेकला काय म्हणायचं? तरी मी दमले. इथे उंचीवर हवा विरळ. चार पावलं चढले की थांबायचं, श्वास गोळा करायचा, पुन्हा चार पावलं. मार्ता — आमची गाइड — मागे वळून न बघता ओळखते मी थांबलेय ते. तीही थांबते, कसली तरी फुलं दाखवते.

समोर एक डोंगर धूर सोडतो. मध्येच घशात काही अडकल्यासारखा गुरगुरतो आणि वर राखाडी ढग. आमच्या गटातली हॅरोगेटची पॉलीन दर वेळी कॅमेरा घेऊन धावते. मी बसून राहते.

तनया आणि मी एका तंबूत. ती चांगली वागते. माझी गोळी, माझी बाटली, माझी काठी — सगळं बघते. पण घटस्फोट झाल्यापासून तिनं मला हाकच मारलेली नाही. आधी 'अहो आई' म्हणायची. आता नुसतंच 'ऐकता का', 'हे घ्या'. मीही विषय काढत नाही. काय म्हणायला सांगणार? 'अरुणाकाकू'? सात वर्षं सून होती ती माझी.

मिहीरला दुसरी कोणी नव्हती. तिलाही नाही. मूल होईना, म्हणून उपचार. मग राहिलं आणि गेलं, पुन्हा राहिलं आणि पुन्हा गेलं. शेवटी दोघं एकाच घरात पाहुण्यांसारखी वागायला लागली. मग त्यानं मेडनहेडची नोकरी घेतली. लीड्समध्ये ती राहिली आणि मी राहिले. तिला भारतातून इथे आणलं आम्ही. तिला एकटं टाकून मी कुठल्या तोंडानं वेगळी होऊ?

२४ फेब्रुवारी

दिवसभर उतार. गुडघे! आणखी काही लिहायचं त्राण नाही.

२५ फेब्रुवारी

आज गावात मुक्काम. किचे लोकांचं गाव — माया लोकांमधलेच, भाषा त्यांची वेगळी. तोमासा नावाच्या बाईंच्या परसात तंबू ठोकलेत. बाई माझ्याच वयाच्या असतील. चुलीशी बसून मक्याच्या पोळ्या थापत होत्या, थाप-थाप-थाप, एका लयीत. तो आवाज ऐकत मी भिंतीला टेकून चक्क डुलकी काढली. किती दिवसांनी अशी झोप लागली.

अंगणाच्या कोपऱ्यात मातीची बुटकी कोठी. आत रांगत जायचं. दगड तापवून त्यावर पाणी टाकतात आणि वाफ घेतात. मार्ता म्हणाली, पाहुण्यांसाठीही तापवतात, पण खरी ती बाळंतिणींसाठी. तोमासांच्या सुनेला नुकतीच मुलगी झालीय, म्हणून सध्या रोज पेटते. म्हणजे आपली शेक-शेगडीच की. मी मार्ताला सांगितलं, आमच्याकडेही बाळंतिणीला शेक देतात. तिनं तोमासांना सांगितलं. त्या हसल्या, आत गेल्या आणि नात घेऊन बाहेर आल्या. हात पिठाचे, म्हणून सरळ तनयाच्या मांडीवर ठेवली.

तनयानं नीट धरली. मानेखाली हात, बरोबर. एवढंसं तोंड, त्यावर केवढं जावळ. तोमासा हात धुऊन आल्या तेव्हा तिनं मूल परत दिलं, थँक यू म्हणाली, आणि मला म्हणाली, 'चला, वाफ घेऊ. तुमच्या गुडघ्यांना बरं.'

आत मिट्ट काळोख, बाहेर अजून ऊन असूनही. दोघी पंचे गुंडाळून फळीवर बसलो. कोपराला कोपर लागत होतं.

'अहो आई.'

मी दचकलेच. 'हं?'

'ते तिघं अजून आहेत.'

'कोण तिघं?'

'क्लिनिकमध्ये. गोठवून ठेवलेले. आमचे एम्ब्रियो.'

मला वाटत होतं ते सगळं संपलं, आवरलं. विचारायचं धाडस नव्हतं झालं कधी.

'मला एकदा प्रयत्न करायचाय,' तनया म्हणाली. 'एकटीनं. मी एकोणचाळीसची आहे, नव्यानं काही होणार नाही आता. आहेत ते एवढेच. पण मिहीरचा होकार लागतो. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी वापरता येत नाहीत, तसा कायदा आहे. त्याला ईमेल केली. पुन्हा केली. उत्तर नाही.'

'म्हणून मला इथे आणलंस?'

'नाही.' मग म्हणाली, 'माहीत नाही. आज मांडीवर बाळ दिलं नसतं तर कदाचित बोललेही नसते. तुम्ही मिहीरशी बोलू नका. त्याच्यावर तुमचा दबाव नको. प्रॉमिस करा.'

केलं. घाम डोळ्यांत जात होता. ती रडत असेल तरी मला दिसलं नसतं.

२६ फेब्रुवारी

दिवसभर तिच्या मागून चालले. राग येत होता. तिचा, मिहीरचा, त्या तोमासाचाही. आजी होणार नाही हे मी मान्य केलं होतं. अंगाईच्या ओळी आठवल्या की रेडिओ लावायचा, मैत्रिणींनी नातवंडांचे फोटो दाखवले की 'गोड' म्हणायचं आणि चष्मा पुसायचा — जमायला लागलं होतं. आता पुन्हा उकरलं सगळं. ह्या वयात आशा बाळगायलाही ताकद लागते, ती नाही माझ्याकडे.

दुपारी ओढ्यापाशी थांबलो. तनया म्हणाली, 'तुम्हाला राग आलाय.'

'दमलेय मी.'

'मी पण,' ती म्हणाली. 'मी पण खूप दमलेय, आई.'

तिच्या डब्यातलं अर्धं संत्रं तिनं मला दिलं. खाल्लं.

२७ फेब्रुवारी

पहाटे उठवून कड्यावर नेलं. खाली तळं, पलीकडे तीन ज्वालामुखी रांगेत, सूर्य वर येतोय. माहितीपत्रकात असतं अगदी तसंच. पॉलीनच्या डोळ्यांत पाणी. मला काहीच वाटलं नाही. चहा मात्र चांगला होता, आणि तनयानं शाल आणून पाठीवर घातली. सूर्य पूर्ण वर येईपर्यंत तिचा हात तिथेच होता.

८ मार्च, लीड्स

कपडे धुतले, बूट गॅरेजमध्ये. मिहीरचा फोन. 'ट्रिप कसा होता?' छान होती म्हटलं. 'ती ओके आहे?' हो म्हटलं. काहीतरी विचारेल म्हणून मी फोन कानाला धरून थांबले. तोही थांबला. मग 'बाय आई'.

१५ मार्च, मेडनहेड

वचन मोडलं.

मुद्दाम ठरवून आले नव्हते — असं स्वतःला ट्रेनमध्ये सांगत होते. आठवड्याच्या सुट्टीला मुलाकडे जातेच की मी. त्याच्यासाठी लाडू घेतले होते. जेवल्यावर दोघं नदीकाठी फिरायला गेलो. कुत्री, सायकली, बोटी. मी म्हटलं, 'मिहीर, तनयानं मला सांगितलंय. तीन आहेत ते.'

तो चालायचा थांबला नाही. 'मला वाटलंच.'

'मी मागायला आले नाही काही. तुला न सांगता तुझ्याशी गप्पा मारणं मला जमेना, एवढंच.'

बाकावर बसलो. हा मुलगा रागावला की लहानपणापासून इंग्रजीत जातो. आज मराठीतच बोलला, अडखळत.

'तुला माहीत नाही कसा होता ते, आई. प्रत्येक वेळी मी बाहेर बसायचा. नर्स यायची, मी तिची फेसवरून ओळखायचा काय झालं ते. घरी येऊन तनयाला चहा द्यायचा. मला कोणीच विचारला नाही. बाबांनी पण नाही. तू पण नाही.'

खरं आहे. मी तनयाच्या उशाशी बसायचे. तो स्वयंपाकघरात असायचा आणि मला वाटायचं, बरं झालं, मुलगा खंबीर आहे.

'आता मी सही करणार, मग मूल होणार. माझ्यासारखा दिसणार. आणि मी इथे. महिन्यातून एकदा खेळणी घेऊन जाणार? नाही झेपणार मला. म्हणून ईमेल उघडतच नाही मी.'

'बरं.'

'मी नाही म्हटला तर? तू माझ्याशी नीट बोलणार?'

'बोलेन.'

'आणि तिच्याशी?'

'तिच्याशीही.'

'कसं काय?'

'ते मलाही माहीत नाही,' म्हटलं. 'पण तुमच्यापैकी कोणाला सोडायचं असेल तर ते माझ्याच्यानं होणार नाही. तू कसा होतास ते मी विचारायला हवं होतं. आता विचारते.'

मग तो बराच वेळ बोलला. ते इथे लिहीत नाही. त्याचं आहे ते.

१६ मार्च

परतीच्या ट्रेनमध्ये झोप लागली. लीड्स आलं तरी उठले नाही, शेवटी सफाईवाल्यानं उठवलं.

३० मार्च

तनयाला घरी बोलावून सांगितलं की मी मिहीरशी बोलले. तिनं ताट बाजूला सारलं. 'मी नको म्हटलं होतं.' आवाज चढवला नाही तिनं. 'तो नाही म्हणाला, हो ना?'

'नाही झेपणार म्हणाला.'

कोट घालून गेली. भात तसाच.

१९ एप्रिल

तनयाचा फोन नाही. तिच्या वाढदिवसाचा मी मेसेज केला, उत्तरादाखल अंगठा. मिहीर मात्र हल्ली रोज फोन करतो. ऑफिसचं सांगतो, भाजीला काय घालू विचारतो. कमलाकर असते तर म्हणाले असते, एकीकडे गमावलंस, एकीकडे कमावलंस. ते असलं काही तरी बोलायचे आणि मी चिडायचे. आज चिडायलाही कोणी नाही. लवकर आडवी होते.

२ मे

तनया आली. दार उघडलं तर हातात भाजीची पिशवी. रागाबद्दल अवाक्षर नाही. मेथी निवडत बसली. 'क्लिनिकला कळवते,' म्हणाली, 'ठेवू नका आता म्हणून. तुम्ही याल बरोबर? एकटीला जमणार नाही.' येईन म्हटलं. पुढच्या महिन्यातली तारीख घेते म्हणाली. मेथी दोघींनी मिळून निवडली, काड्यासुद्धा टाकवेनात.

१६ मे

दुपारी मिहीर दारात. न कळवता. थेट क्लिनिकमधून आलेला — सही करून.

चहा घेतला. कप स्वतः धुतला, पाठ माझ्याकडे. 'मी बाबा नाही होणार, आई. ते मी तिला सांगणार. पण तू आजी हो.'

तनयाला मी कळवलं नाही. त्याचं त्यानं कळवायचं. आत्ता बाहेर गाडीत बसलाय, फोन कानाला. इंजिन अजून सुरू केलेलं नाही.