आखूड की लांब

लोहारा, ३ नोव्हेंबर

वेल्डिंगवाल्या आण्णासाहेबांनी माझी सायकल उलटी करून पाहिली आणि हात झटकले. "ॲल्युमिनियम हाय, पोरी. माझ्याच्यानं जुळत न्हाय. लोखंडाची आण, मग किती बी मोड." दिवसभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा माणूस, त्याचं ऐकलेलं बरं. फ्रेम पुढच्या नळीपाशी चिरली आहे. जूनमध्ये शेततळ्याच्या बांधावरून उडी मारताना मी पडले, खांद्याचं हाड मोडलं. हिचंही तेव्हाच मोडलं असणार. माझं जुळलं.

६ नोव्हेंबर

पुण्याच्या दुकानात फोन केला. स्टीलच्या दोन फ्रेमा आहेत. दोन्हींना मागं शॉक-ॲब्सॉर्बर नाही, जुनी चाकं, जुना पुढचा शॉक दोन्हींना बसेल. एक आखूड, बुटकी — हवेत हवी तशी वळते. दुसरी लांब — उतारावर वेगात डगमगत नाही, शर्यतीला तीच बरी. मला दोन्ही हवंय, म्हटलं. दुकानदार हसला. "मग ताई, जीव कशात जास्त आहे ते सांगा. उडीत की शर्यतीत?"

घरी विचारून सांगते म्हणाले. तेवीस वर्षांची घोडी — आणि घरी विचारते!

७ नोव्हेंबर

लांबच घ्यावी. बाप आहे, आप्पांना माझी उडी आता बघवणार नाही. त्या दिवशी जीपमध्ये माझं डोकं मांडीवर घेऊन धाराशिवपर्यंत ते कानडीत देवाला काहीतरी पुटपुटत होते. फार वाईट वाटतं आठवलं की. पुन्हा त्यांच्यावर ती वेळ नको.

८ नोव्हेंबर

आखूडचेच फोटो बघत बसले. उगीच.

९ नोव्हेंबर

जेवताना आईनं विषय काढला. "उडीची सायकल नको म्हणती शिवप्रिया. तुमच्या भ्यानं."

आप्पांचा घास हातातच राहिला. "माझ्या? म्या कवा नको म्हणलं? हाड मोडलं, जुळलं. बांधाच्या पलीकडं कुळवाच्या दोन पाळ्या घातल्यात म्या. पडली तर मऊ मातीत पडंल म्हणून. वाट बघतोय कवाची, तू तिकडं फिरकतच न्हाईस."

खरंच की. जूनपासून मी शेतात रस्त्यानं जाते. बांधावरून लवकर पोचता येतं, तरी. आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. भाकरी अर्धी टाकून उठले. आई चिडली.

१० नोव्हेंबर

भीती माझी होती. अजून आहे. दुकानात फोन करून आखूड सांगितली.