शिसं ओतायची कढई

मंगळवार, सांजचं

आधी आल्या त्या विहीणबाईच, कोडोलीहून, बगलेत जाड लोखंडी कढई घेऊन. मागनं आमची नात पूजा. तिला मासे धरायच्या जाळ्याला शिशाचे मणी ओतायचेत. ॲल्युमिनियम नको, लोखंडीच भांडं पायजे, असं तिनं फोनवर सांगितलेलं. मी माझी कढई सकाळीच घासून ठेवली हुती. पोरगी आली म्हणून जीव हरखला, पण विहिणीची कढई बघून पोटात दुखलंच की.

पूजानं दोन्ही कढया बघितल्या आणि विहिणीची उचलली! मला राहवलं न्हाय. "का गं, माझीला काय झालंय?"

"आजी, शिसं विषारी असतंय. एकदा वितळवलं की त्यात परत रांधायचं न्हाय. तुझ्या कढईतलं पिठलं मला पायजे."

विहीणबाई फणकारल्या, "मग माझ्या कढईत काय दगड शिजवत हुते व्हय?"

मी तोंडाला पदर लावला. काय करू, हसूच आवरंना.

रविवारी परत येतो म्हणाल्यात दोघी. विहीणबाई स्वतःच्या हातचा झुणका डब्यातनं आणणार हाईत म्हणे. बघू, पोरगी आधी कुणाच्या ताटाला हात लावतीया.